मामाच्या गाडीवर मामांची चलानं

गोडोलीकर (धागाकर्ता)

आमच्या घरात ‘मामा’ या शब्दाचे सध्या दोन अर्थ चालतात. एक माझे सख्खे मामा, कोरेगावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. दुसरे चौकात शिट्टी घेऊन उभे असतात ते. पहिल्या मामांची गाडी, दुसऱ्या मामांची चलानं आणि मधे मी. या शनिवारी सदर बझारला कोर्टात जाऊन आलो, म्हणून हा धागा. इथं बऱ्याच जणांकडे काकाची, मेव्हण्याची, सासऱ्यांची गाडी वापरायला असेल. त्यांनी वाचा.

२०२१ च्या शेवटी मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. दारात उभी राहून बॅटरी उतरण्यापेक्षा तू फिरव म्हणाले. माझं दर सोमवारी सातारा-पुणे, शुक्रवारी परत. पेट्रोल माझं, सर्व्हिसिंग माझं, विमा मात्र मामा हट्टाने स्वतः भरायचे. आरसी अर्थातच त्यांच्या नावावर. नाव बदलायचा विषय कुणी काढला नाही. भाच्याने मामाकडे गाडी नावावर मागायची म्हणजे कसंतरीच वाटतं.

आरसीला जोडलेला मोबाईल नंबर मामांचा जुना. ते सिम कधीच बंद पडलं होतं. त्यामुळे चलानाचा एकही मेसेज ना त्यांना आला, ना मला. मी आपला चार वर्षं स्वतःला सज्जन चालक समजत होतो.

गेल्या महिन्यात मामी ओसरीवर शेंगा निवडत बसली होती आणि दारात पोलिसाची मोटारसायकल थांबली. हवालदार चांगला होता बिचारा. “घाबरायचं काम नाही मावशी, लोकअदालतीची नोटीस आहे” म्हणाला. पण ‘नोटीस’ म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय. संध्याकाळपर्यंत गल्लीत ‘गुरुजींना कोर्टाचं बोलावणं’ झालं होतं. मामांचा फोन आला तेव्हा आवाज अगदी शांत. एवढंच म्हणाले, “तुझ्याकडं गाडीची कागदं आहेत ना? घेऊन ये.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री महाट्रॅफिक ॲपमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले. सात चलानं. एकूण ७,२०० रुपये. महामार्गावर वेगमर्यादा ओलांडली, दोन वेळा, प्रत्येकी २,०००. पुण्यात सिग्नल, ५००. पुण्यातच नो पार्किंग, आधी ५०० आणि मग त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा १,५००. सहावं चलान ५०० चं, पुण्याचंच: हेल्मेट न घालणे.

हो, चारचाकीवर. फोटो उघडला तर स्कूटरवर दोघं, मागच्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी. नंबर आमचाच, फक्त आमच्यात ३ आहे तिथं त्या स्कूटरला ८. वाचणाऱ्याने ८ चा ३ केला आणि कोथिंबीर आमच्या नावावर पडली.

सातव्याकडे नंतर येतो.

मला न समजलेली मुख्य गोष्ट ही, की लोकअदालतीची नोटीस सातही चलानांची नव्हती. सातारा जिल्ह्याच्या हद्दीतली तीनच होती त्यात. पुण्याच्या चलानांचा इथं संबंध नाही, गुन्हा जिथं घडला तिथलं कोर्ट. मग पुण्याची सिग्नल आणि पार्किंगची तीन मी ऑनलाइन भरून टाकली, अडीच हजार. फोटोत मीच होतो, वाद घालायचा कशावर? हेल्मेटच्या चलानाविरुद्ध ॲपमधूनच तक्रार टाकली, आरसीचा फोटो जोडून. वाहनाचा प्रकार आरसीवर स्पष्ट लिहिलेला असतो, ते पान जोडायला विसरू नका.

नोटीस मामांच्या नावाने होती. त्यांच्याकडून सहीचं पत्र आणि आधारची झेरॉक्स घेऊन मी एकटा जाणार होतो. पण मामा ऐकेनात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आम्हाला शाळेत शिकवणारा हा माणूस, पण नोटिशीवर नाव आपलं म्हटल्यावर आपणच गेलं पाहिजे हा त्यांचा हिशोब. आणि त्या गाडीतून यायला साफ नकार. “ज्या गाडीवर गुन्हा, तिच्यातनंच कोर्टात जायचं?” त्यामुळे कोरेगाव-सातारा एसटी. स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेलो तर इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, काखेत प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये गाडी घेतल्यापासूनच्या विम्याच्या सगळ्या पावत्या. कुणी विचारणार नव्हतं.

आवारात मांडव, खुर्च्या, पॅनेलनुसार टेबलं. बँकेच्या थकबाकीवाल्यांची गर्दी, वीजबिलवाले, धनादेश न वटल्याची प्रकरणं, एका कोपऱ्यात नवराबायको आणि दोन्हीकडची माणसं. चलानवाल्यांची रांग सगळ्यात लांब आणि सगळ्यात बोलकी. दोन तास बसलो. चहा दोनदा झाला. मामा शेजारच्या माणसाशी त्याच्या मुलाच्या बारावीबद्दल बोलत बसले.

नंबर लागला. समोर न्यायाधीश मॅडम, बाजूला एक वकील. फोटो आमच्यासमोर ठेवले. खाली वेग छापलेला, एकात ११२. मॅडमनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी म्हणालो, मी, हे माझे मामा, गाडी त्यांची. तडजोडीने भरायचं का? हो. मग त्या मामांकडे वळून म्हणाल्या, गुरुजी, तुम्हाला काही सांगायचंय?

मामा उभे राहिले. म्हणाले, “सीटबेल्टचं माझं आहे.”

तेच ते सातवं चलान. नोव्हेंबर २०२०, सातारा शहर, सीटबेल्ट नाही, २०० रुपये. तेव्हा गाडी माझ्याकडे नव्हतीच. मी ॲपमध्ये तारीख बघितली होती, फोटोतली टोपीही बघितली होती आणि गप्प बसलो होतो. ४,२०० मध्ये दोनशे गेले काय नि राहिले काय. मामांनी ते चलान कधी बघितलं मला माहीत नाही. बहुतेक हवालदाराने दिलेल्या कागदावर तारीख होती.

एकूण तीन मिनिटं. सह्या, पैसे, पावती. सूट काही मिळाली नाही. रांगेत सगळे पन्नास टक्क्यांच्या गप्पा मारत होते, मीही विचारायला तोंड उघडलं होतं, तर मामांनी हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, “भाव करायला ती काय मंडई होती?”

प्रश्न दोन आहेत. हेल्मेटच्या तक्रारीचं पुढे काय होतं, कुणाला अनुभव? आणि वापरणारा एक, मालक दुसरा असेल तर कायद्याने नक्की कुणाचं काय?

—

वडूजचा_वारा

कोथिंबिरीची जुडी 😂 त्या स्कूटरवाल्याला शोधा राव, ५०० ची कोथिंबीर त्याच्याकडून वसूल करा.

बाकी गुरुजींना आपला दंडवत.

—

कृष्णाकाठची

माझ्याकडे उलटी केस. माझी स्कूटी भाऊ वापरतो, मेसेज मला येतात. पोवई नाक्यावर सिग्नल तोडला की मला इथं कऱ्हाडला बसून कळतं. फोन केला की म्हणतो, “अगं मी नव्हतोच, मित्र होता.” फोटोत त्याचाच चौकड्याचा शर्ट, मीच रक्षाबंधनाला दिलेला.

तुम्हाला चार वर्षं एकही मेसेज आला नाही ही खरी गडबड. आरसीचा मोबाईल नंबर वाहन पोर्टलवर बदलता येतो, आरटीओत जावं लागत नाही. आधारवरचं आणि आरसीवरचं नाव मात्र जुळायला हवं. आमच्या बाबांच्या आरसीवर आडनाव आधी होतं आणि आधारवर शेवटी, तेवढ्यावर अडलं होतं.

—

काळा_कोट_कऱ्हाड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. जरा लांब होईल.

कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, माणूस दिसत नाही. त्यामुळे चलान नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघतं. पण वेग किंवा सिग्नल हा मुळात चालकाचा गुन्हा. मधला पूल म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १३३. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता, लायसन्सची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. दिली नाही तर तो वेगळा गुन्हा. म्हणजे मामांना ‘गाडी भाचा चालवत होता’ असं कायदेशीर सांगता येत होतं. नियमित कोर्टात प्रकरण चाललं असतं तर तुमचं नाव येऊन तुमच्यावर चाललं असतं. प्रत्यक्षात दोन हजारांसाठी एवढं कुणी करत नाही, मालक भरतो आणि घरात हिशोब होतो.

काही गुन्हे मात्र मालकाचेच असतात. विमा नाही, पीयूसी नाही, लायसन्स नसलेल्याला गाडी दिली. हे शेवटचं कलम १८०, ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९९अ तर फारच कडक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. भाच्याला दहावी पास झाला म्हणून बुलेट फिरवायला देणाऱ्या मामांनी हे वाचावं.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. तुमचं २०२० चं सीटबेल्टचं चलान, खरं म्हणजे तिन्हीही, नियमित कोर्टात मुदतीच्या मुद्द्यावर लढवता आली असती. गुरुजींचे २०० तर कदाचित वाचलेही असते.

—

गोडोलीकर

@काळा_कोट_कऱ्हाड: हे मामांना सांगितलं आत्ता फोनवर. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मुदत संपली म्हणून बेल्ट लावलेला होता असं होतं काय?”

मी फोन ठेवला.

—

औंध_संस्थान

काळा कोट साहेब, तुमचा मुदतीचा मुद्दा अर्धवट आहे असं वाटतं. मी वकील नाही, पण आमच्या ट्रान्सपोर्टच्या गाड्यांपायी या वादात वर्षं घालवली आहेत. मुदत मोजायची कधीपासून? गुन्हा कुणी केला हेच माहीत नसेल तर ते ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून, असंही त्याच संहितेत आहे ना? मग पोलिस म्हणणार, चालक कोण हे आम्हाला आज कळलं.

—

काळा_कोट_कऱ्हाड

बरोबर पकडलंत. जुनं ४६९, नवं ५१५. आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर कोर्ट विलंब माफही करू शकतं. म्हणूनच ‘लढवता आली असती’ म्हणालो, ‘सुटला असतात’ म्हणालो नाही. नातेवाइकाच्या गाडीत तर हा वाद जास्तच रंगतो, कारण मालक आणि चालक वेगळे हे तुम्हीच कोर्टाला सांगणार, आणि त्याच वाक्याने मुदतीचं घड्याळ पुन्हा सुरू झालं असं समोरचा म्हणणार.

दुसरं, मुदत संपली म्हणून पोर्टलवरचं चलान आपोआप पुसलं जात नाही. ते ‘प्रलंबित’ म्हणून दिसत राहतं आणि गाडी विकायला काढली की आडवं येतं.

वेगाच्या चलानांबाबत आणखी एक कलम आहे, २०९. कलम १८३ (वेग) किंवा १८४ (धोकादायक चालवणं) खाली शिक्षा द्यायची तर त्या वेळीच चालकाला ताकीद दिलेली हवी, किंवा १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स. याला अपवाद आहेत, पण ज्यांना खरोखर लढायचंय त्यांनी आपल्या वकिलाला हे कलम उघडायला सांगा.

—

शेंद्रे_फाटा

सगळे फार सज्जनपणे बोलताय. मी सरळ बोलतो. झाडाआड इंटरसेप्टर (पोलिसांची वेग मोजणारी गाडी) लावून उतारावर वेग मोजायचा, ही वसुली आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना गाडी आपोआप पळते. रस्त्यावर फलक नाही, आणि चलान दोन हजारांचं. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दंड वाढवले त्याआधी हेच हजारात भागत होतं.

—

पाटणचा_पाऊस

@शेंद्रे_फाटा: बोगद्यानंतरच्या त्या एस वळणावर किती गाड्या उलटल्यात ते खंडाळ्यातल्या कुणालाही विचारा. माझ्या चुलतभावाची गाडी तिथंच गेली, सुदैवाने तो वाचला. तिथं गाडी ‘आपोआप पळते’ म्हणूनच तर वेग मोजतात ना मर्दा.

फलकाचं मात्र तुमचं बरोबर आहे. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ घातला, त्यात कॅमेरा आहे हे सांगणारा फलक ठळक जागी लावायचा असं लिहिलंय. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण. चलानासोबत नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्रावरची नोंद, तारीख-वेळ-ठिकाण, कुठलं कलम मोडलं ते. नोटीस १५ दिवसांत. फलक नव्हता तर दुसऱ्या दिवशी जाऊन तिथला व्हिडिओ काढा आणि तक्रारीला जोडा. नुसतं ‘वसुली’ म्हणून काय होणार?

—

शेंद्रे_फाटा

दुसऱ्या दिवशी जाऊन व्हिडिओ काढायला चलान दुसऱ्या दिवशी कळलं पाहिजे. मला पाच महिन्यांनी कळलं. तोवर त्यांनी फलक लावलाही असेल.

पण ठीक आहे, वळणाचं मान्य.

—

मिरजेची_तार

आमच्याकडची गोष्ट सांगते, सांगलीची. साडूंनी त्यांची जुनी गाडी तासगावच्या एका ओळखीच्याला विकली. ‘कागद करू सावकाश.’ मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सही करून देऊन मोकळे झाले, तारीख कोरी. घेणाऱ्याने दोन वर्षं काहीच केलं नाही. चलानं साडूंच्या नावावर, नोटीस साडूंना, आणि विजयनगरच्या कोर्टाच्या आवारात साडू हातात स्टॅम्प पेपर नाचवत ‘गाडी माझी नाहीच’ म्हणतायत. टेबलावरचा माणूस थंडपणे म्हणाला, काका, आरसी काढा, त्यावर नाव कुणाचं?

घेणारा ओळखीचा असल्यामुळे भांडताही येईना. शेवटी दोघांनी निम्मे निम्मे भरले. त्या दोन घरांचं हळदीकुंकू अजून बंद आहे.

—

काळा_कोट_कऱ्हाड

@मिरजेची_तार: हे रोज बघतो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दोघंही करत नाहीत. चलान ही त्यातली किरकोळ गोष्ट. अपघात झाला आणि विमा नसला तर भरपाईचा बोजाही नोंदीवरच्या मालकावर येतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात ते स्पष्टच केलंय. साडूंना म्हणावं ५० टक्क्यांत सुटलात.

—

कंदी_पेढा

माझा एक भाबडा प्रश्न. लोकअदालतीत नाही पटलं तर ‘नाही’ म्हणता येतं का? की गेलं म्हणजे भरायचंच?

—

काळा_कोट_कऱ्हाड

म्हणता येतं. लोकअदालत ही तडजोडीची जागा, तिथं कुणी शिक्षा करत नाही. दोन्ही बाजू कबूल झाल्या तरच निवाडा होतो. मात्र एकदा झाला की तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा आणि त्यावर अपील नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम २१. म्हणून जे चलान तुमचं नाही ते चुकूनही ‘जाऊ दे, पाचशेच आहेत’ म्हणून त्यात मिसळू नका. नाही पटलं तर प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाईल, समन्स येईल, तिथं गुन्हा नाकबूल करा. तिथंही छोट्या गुन्ह्यांना वकिलामार्फत हजर राहण्याची किंवा टपालाने गुन्हा कबूल करून पैसे पाठवण्याची सोय कलम २०८ मध्ये आहे.

सवलतीबद्दल: ती हक्क नाही. व्हॉट्सॲपवर ‘लोकअदालतीत सगळी चलानं निम्म्यात’ असं फिरतं त्यावर विसंबून थांबू नका.

—

कास_पठार_शनिवारी_बंद

व्हॉट्सॲपवरून आठवलं. आमच्या सासऱ्यांना ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली. वर महाराष्ट्र पोलिसांचा शिक्का, खाली त्यांच्याच गाडीचा नंबर. त्यांनी उघडली. पंधरा मिनिटांत खात्यातून चौदा हजार गेले. खरं चलान बघितलं तर एकही नव्हतं! ३५ वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचा आयुष्यातला एकमेव दंड, तोही चोरांना.

चलान फाइल पाठवून येत नाही. सरकारी संकेतस्थळ किंवा महाट्रॅफिक ॲप आपण स्वतः उघडायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, उशीर झाला होता.

—

कोरेगावची_लेक

मी वेगळंच बोलणार आहे, राग मानू नका. गोडोलीकर, मी तुमच्या मामांची विद्यार्थिनी असू शकते, गुरुजी म्हणजे कोण याचा अंदाज आलाय, नाव लिहीत नाही. तुम्ही लिहिलंय पेट्रोल माझं, सर्व्हिसिंग माझं. पण चार वर्षांत एकदाही ॲपमध्ये नंबर टाकून बघितला नाहीत? दुसऱ्याची वस्तू वापरताना तेवढं नको? आमच्या भागात पोलिस दारात येणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. ४,२०० भरून ते भरत नाही.

—

गोडोलीकर

@कोरेगावची_लेक: राग नाही. खरंय. मामीने दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार घरी जाऊन मुद्दाम पावती दाखवली, हे मी वर लिहिलं नव्हतं.

—

वडूजचा_वारा

हेल्मेटचं काय झालं ते सांगा लका, मी त्यासाठीच रोज धागा उघडतोय.

—

म्हसवडचा_मेंढका

हेल्मेटबाबत माझा अनुभव. माझ्या ट्रॅक्टरवर सोलापुरात ‘मोबाईलवर बोलणे’ पडलं होतं, ट्रॅक्टर कधी माण तालुक्याबाहेर गेलेला नाही. ॲपवर तक्रार टाकली, महिना झाला, काही नाही. मग साताऱ्याच्या वाहतूक शाखेत गेलो तर म्हणाले, चलान ज्या शहराने केलं तेच रद्द करणार, आम्हाला तो अधिकार नाही. तिकडच्या वाहतूक शाखेला ईमेल केला. चलान क्रमांक, चलानातला फोटो आणि शेजारी माझ्या ट्रॅक्टरचा नंबरप्लेटसकट फोटो. दहा दिवसांत रद्द. दोन फोटो एकाच पानावर शेजारी शेजारी लावा, वाचणाऱ्याला विचार करायला लावू नका.

—

गोडोलीकर

@म्हसवडचा_मेंढका: अगदी तसंच केलं. एका पानावर डावीकडे कोथिंबीर, उजवीकडे आमची गाडी, दोन्हीकडे ३ आणि ८ ला लाल गोल.

—

गोडोलीकर

तीन आठवड्यांनी अपडेट. हेल्मेटचं चलान रद्द. ईमेलला उत्तर आलं नाही, पण आज ॲपमध्ये प्रलंबित शून्य दिसतंय.

मोबाईल नंबरही बदलला. मामांकडे साधा फोन, तो ते दिवसभर बंद ठेवतात. माझा टाकावा तर मामा म्हणाले, “म्हणजे परत तुझं तुलाच कळणार.” म्हणून मामीचा टाकलाय. काल मी शिरवळजवळ चहाला थांबलो होतो तर तिचा फोन. ॲपही घेतलंय तिने, रोज रात्री मालिका संपली की नंबर टाकून बघते म्हणे.

आता मामांचं नवीन. गाडी तुझ्या नावावर करून घे म्हणतात, पैसे नकोत. मी म्हटलं किंमत ठरवूया, तर उठून आत गेले. गाडीवर कर्जाचा बोजा नाही. फॉर्म २९-३० सोडून आणखी काय लागेल? आणि मामांना आरटीओत यावं लागतं का, की त्यांच्या घरी सह्या घेतल्या तरी चालतील?

—

कृष्णाकाठची

बोजा नसेल तर सोपं आहे. आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे पत्त्याचे पुरावे. आधारच्या ओटीपीवर बरंचसं ऑनलाइन होतं, तरी जाण्याआधी आरटीओत एकदा विचारा. विमाही आठवणीने तुमच्या नावावर करा, तो आपोआप होत नाही.

आणि फॉर्मवर तारीख घाला. वर साडूंचं वाचलंत ना.

—

कोरेगावची_लेक

गुरुजींना आरटीओत नेणार असाल तर या वेळी त्या गाडीतून न्या. येतील.